निसटलेला ळ

मित्रांनो, आधी या अजयचं गाऱ्हाणं ऐका, माझं नाव-गाव मागाहून सांगते. बाप पाच आठवडे खाटेवर पडलाय आणि हा दारात उभा राहून विचारतो, "बाबा, ठीक आहे ना?" उत्तर यायच्या आत याच्या स्कूटरची किल्ली वाजते. अहो, दूधवालासुद्धा पातेलं येईपर्यंत थांबतो!

मी एक जुनी सहाण आहे. देवासाठी चंदन उगाळतात ना, तो वाटोळा दगड. तापीकाठच्या एका पाथरवटानं मला घडवलं. टाकीचे घाव सोसताना मी हूं की चूं केलं नाही, हेही सांगून ठेवते. मला तीन पाय, कडेला गंध जमायला पन्हळ, आणि पाठ अशी सपाट की मोहरी ठेवली तर घरंगळू नये. आता त्या पाठीला खळगा पडलाय. लोक त्याला झीज म्हणतात. मी दागिना म्हणते.

माझ्या मालकिणीच्या, अहिल्याबाईच्या नवऱ्याला रेल्वेत नोकरी लागली, तेव्हा ती मला भुसावळहून झाशीला घेऊन आली. भांडीकुंडी पोत्यात घातली होती, पण मी तिच्या एका मांडीवर, आणि दुसऱ्या मांडीवर तिचा हरी, म्हणजे याच अजयचा बाप. आता जग त्याला हरिभाऊ म्हणतं. म्हणू दे. ओल्या केसांनी माझ्यापुढे बसून डुलक्या काढणारा तो पोर मी पाहिलाय, मी हरीच म्हणणार.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. पण हरी माझ्यापुढे बसून पाढे घोकायचा, त्यामुळे पावकी-निमकी मला पाठ आहे. आईनं त्याला शिकवलेली विद्या मात्र त्याहून मोठी होती. "थेंबभर पाणी, हलका हात, एकाच अंगानं गोल. घाई करशील तर चंदनाआधी दगड उतरेल," असं ती म्हणायची. खरंच आहे ते. दाबून उगाळलं की माझी खर, म्हणजे दगडाची बारीक पूड, गंधात उतरते आणि देवाच्या कपाळाला बोचते.

पुढे हरी रेल्वेच्या कारखान्यात फिटर झाला. भोंगा व्हायच्या आत दोन घास खाऊन निघायचं असायचं, तरी गंध चुकलं नाही. त्याचा एक कायदा होता. गंध उगाळून होईपर्यंत घरातल्या सगळ्यांनी माझ्याभोवती बसायचं आणि ज्याच्या मनात जे असेल ते बोलायचं. "देवाला घाई नाही, तोवर तू बोल," असं तो अजयला म्हणायचा. अजयची फुटलेली पाटी, गणितातला भोपळा, शेजारच्या पेरूच्या झाडावरची चोरी, सगळं मी ऐकलंय. मग गंध आधी देवाला, नंतर प्रत्येकाच्या कपाळाला, आणि त्यानंतरच पानं वाढायची. दतिया गेटच्या आमच्या गल्लीतल्या बुंदेली बायका म्हणायच्या, "तुमाए घर को चंदन बड़ो नीको." मी वरून काही दाखवायची नाही, पण आतून फुगायची.

आणि पाच आठवड्यांपूर्वी, उगाळता उगाळताच, हरीचा उजवा हात माझ्या अंगावर थांबला. चंदनाचं खोड हातातून सुटून घरंगळत खाटेखाली गेलं. मी म्हटलं, अरे हरी, उचल की. हरीचं तोंड वाकडं झालं होतं.

तेव्हापासून माझ्या जिवाला जी धडकी भरली, ती अजून पुरती उतरलेली नाही.

दवाखान्यातून तो परत आला तोवर अजयनं सदर बाजारातून तयार चंदनाची डबी आणली होती. बोट बुडवलं, देवाला लावलं, झालं. आणि मला? मला एका पिशवीत घातलं, खोडासकट. सोबत वाळके हार, काच फुटलेल्या तसबिरी आणि देवांची चित्रं असलेली जुनी कॅलेंडरं. ती पिशवी हरीच्याच खोलीत दारामागच्या खिळ्याला टांगली. "ओरछ्याला जाईन तेव्हा बेतवेत सोडेन," अजय म्हणाला.

मित्रांनो, नदी पवित्र आहे, माझं तिच्याशी वैर नाही. पण जन्मभर मी पाणी थेंबाथेंबानं प्यायले. अख्खी नदी अंगावर घ्यायची, तिच्या तळाशी गाळात पालथं पडायचं, या विचारानं पिशवीतल्या अंधारात मी गारठून जायची. दाराला धक्का लागला की वाटायचं, आला. आज नेतो.

त्याहून मोठं भय मात्र वेगळंच होतं. हरी जेवत नव्हता. तोंडाशी चमचा आला की मान फिरवायचा. आणि त्याच्या वाकड्या तोंडातून एकच शब्द निघायचा, "उगाल... उगाल."

आमची सून प्रिया बबीनाची, माहेर हिंदी बोलणारं. पोरगी मायेची आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. ती धावत जाऊन तसराळं आणायची, त्याच्या हनुवटीखाली धरायची. "हाँ बाबूजी, उगल दीजिए. उल्टी आ रही है न?"

उलटी! अगं बाई, तो उगाळ म्हणतोय गं! सहाण घे, चंदन उगाळ, देवाला गंध लाव, म्हणजे माझ्या घशाखाली घास उतरेल, असं म्हणतोय! पण ळ हरीच्या लुळ्या जिभेवरून निसटला होता, आणि प्रियाच्या माहेरी ळ नव्हताच. घरात ज्याला तो शब्द कळला असता, तो दारातल्या दारात उभा.

"सुनिए जी, बाबूजी फिर उल्टी का कह रहे हैं."

"अरे, गोली दे दो ना. मला उशीर होतोय."

मग फोनवर विचारून आणलेली उलटीची गोळी. गोळीनं हरीला आणखी गुंगी यायची. आणखी अन्न जाईना. तो शब्द माझा होता, घरात एकट्या मला कळत होता, आणि पिशवीत मी मुकी. मला तोंड नाही, मित्रांनो. अंगावर खोड फिरेल तेव्हाच मला आवाज फुटतो. समोर माझा पोर उपाशी झिजतोय आणि सांगता येत नाही, यासारखी भीती दगडाच्याही नशिबी येऊ नये.

शनिवारी ठरलं, सोमवारी हरीला दवाखान्यात न्यायचं आणि नाकातून नळी घालायची. रविवारी अजयला ओरछ्याला जायचं होतं, साहेबांच्या मुलीचा साखरपुडा होता. म्हणजे रविवारी मी आणि सोमवारी हरी.

रविवारी सकाळी खिळ्यावरून पिशवी उतरली. अजयनं पिशवी खाटेपाशी खाली ठेवली आणि खाटेच्या कडेला बसला. बापाजवळ म्हणून नव्हे हो, बूट घालायला! पण बसला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

"उगाल," हरी म्हणाला.

"प्रिया, तसराळं आण गं!" अजय बुटाची नाडी ओढत ओरडला.

"ला रही हूँ!"

हरीनं मान हलवली. मग त्यानं धडका डावा हात चादरीवर ठेवला आणि फिरवायला लागला. गोल. एकाच अंगानं. हलका.

अजयच्या हातातली नाडी तशीच राहिली. पिशवीच्या तोंडातून मला त्याचा चेहरा दिसत होता. एवढा मोठा बाप्या, पण पाटी फोडून आलेला पोर दिसायला लागला.

"बाबा... उगाळ म्हणताय?"

हरीच्या डोळ्यांतून घळघळ पाणी.

"क्या हुआ?" प्रिया तसराळं घेऊन दारात.

"उल्टी नहीं है, प्रिया. चंदन. बाबा चंदन घिसने को कह रहे हैं. पाच आठवडे तेच म्हणतायत."

"हे राम," प्रिया खाली बसली. "और मैं गोली खिलाती रही."

बूट निघाले. हात धुतले. वाळक्या हारांतून मला बाहेर काढलं, पुसलं, थेंबभर पाणी घातलं. अजयनं खोड धरलं आणि लागला रगडायला, जसं काही गाडी सुटतेय. माझी खर उतरली. हरीनं डाव्या हाताचं बोट वर करून त्याला थांबवलं. अजयनं गंध पुसून टाकलं, पुन्हा थेंब घातला, पुन्हा सुरुवात. खिशात फोन वाजत होता. एकदा, दोनदा, तीनदा.

"उठाइए तो, साहब का होगा," प्रिया म्हणाली.

"वाजू दे. गंध होईपर्यंत उठायचं नसतं. तूही बस."

देवाला गंध लागलं. हरीच्या कपाळाला लागलं. प्रियानं मऊ भाताचा चमचा तोंडाशी नेला आणि हरीनं आ केला. तीन चमचे गेले. चौथा त्यानं अजयकडे बोट दाखवून थांबवला, का, तर अजयचं कपाळ अजून कोरडं होतं.

सोमवारची नळी टळेल की नाही, ते मला सांगता येत नाही. तीन चमचे म्हणजे काही जेवण नव्हे. भीती अजून माझ्या पन्हळीत साचलेली आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण अडगळीत पडली असेल, तर तिला उजेडात आणा. आणि कुणी खाटेवरून काही पुटपुटत असेल, तर दारातून ऐकू नका.

सोमवारी सकाळी, दवाखान्यात निघायच्या आधी, अजय आपणहून बसला. खोड फिरलं, मला कंठ फुटला, आणि जे पाच आठवडे पोटात होतं ते मी त्याच्या तोंडावर सांगितलं, घर्र घर्र करत, ऐको न ऐको:

"अजय, मेल्या, तू वाईट नाहीस, म्हणूनच तुझा राग येतो. बाप देवाचं नाव घेत होता आणि तू त्याच्यापुढे तसराळं धरवलंस. वेळ डबीत मिळत नाही रे, तो असाच झिजून काढावा लागतो, थेंबाथेंबानं. आता मान खाली घाल आणि उगाळ. हळू. दगड उतरतोय."