बचतीवर ठेवलेलं यंत्र

"मेलं परत डुलकी काढतंय!" दादा वाजवायच्या कीबोर्डवर हात ठेवून पुटपुटले. ते लॅपटॉपवर चिडले होते, पण ओशाळल्या त्या शेजारी बसलेल्या वहिनी.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे कपाटच. भिंतींना स्पंज, खिडकी नाही, दार गच्च लावलेलं, आवाज नको म्हणून एसीही बंद. दादा पट्ट्या दाबायचे, कीबोर्डला वायरीने जोडलेला लॅपटॉप त्यांचे सूर काढायचा आणि वहिनी लॅपटॉप सांभाळायच्या. नवरा सांभाळता सांभाळता तेही जमलं होतं.

लॅपटॉप पूर्ण ताकदीवर चालवला की तापायचा आणि त्याच्या पंख्याची घरघर माइकमध्ये शिरायची. वीजबचतीवर ठेवला की पंखा गप्प; पण मग प्रोसेसर दोन सुरांच्या मध्ये पेंगायचा, दचकून उठायचा आणि आवाज तडकायचा. वहिनींनी बचतच धरून ठेवली होती. सांगायला पंखा होता. खरं कारण वेगळं होतं. वर्षभरात दादांची बोटं तालाच्या मागे पडू लागली होती, आणि आवाज तडकला की सगळं खापर यंत्रावर फुटायचं. रेकॉर्डिंग संपलं की त्या एकेक सूर माउसने ओढून जागेवर बसवायच्या. झाकली मूठ!

पण शनिवारचा कार्यक्रम थेट प्रसारणाचा होता. तिथे कसली आलीय ओढाओढ?

"वहिनी, ही घ्या मात्रा!" माइकपाशी उभ्या गायिकेने, दादांच्या जुन्या शिष्येने, पिशवीतून लांबलचक वायर काढली. "लॅपटॉप दाराबाहेर ठेवा. बोंबलू दे त्या पंख्याला."

"बघ, हिला सुचलं," दादा खूश झाले. "तुला इतके दिवस काय झालं होतं गं?"

"मला मेलीला कुठली एवढी अक्कल," वहिनी म्हणाल्या. नाही म्हणायला आता निमित्तच उरलं नव्हतं.

लॅपटॉप बाहेर गेला. त्यांनी बचत बंद केली, आत आल्या, दार लावलं. गायिकेने गाणं उचललं, दादांनी साथ धरली. आवाज एकदाही तडकला नाही. नितळ पाण्यासारखा होता. आणि त्या नितळपणात दादांचा प्रत्येक सूर बस चुकलेल्या माणसासारखा मागून धावत येत होता.

गाणं अर्ध्यात थांबलं. गायिका हेडफोनची गादी चिवडत राहिली.

"वायर लांब आहे ना," ती शेवटी म्हणाली, "त्यानंच होत असेल."

"वायरच!" दादा घाईघाईने म्हणाले. "वाटलंच मला. उद्या आखूड आणू. काय गं, वायरच ना?"

दोघंही वहिनींकडे बघत होते. नुसती मान हलवली असती तरी सुटका होती. शनिवारपर्यंतची. मग शेकडो माणसं ऐकणार आणि सावरायला माउस नसणार. दादांचा घामेजला खांदा त्यांच्या खांद्याला टेकला होता. सरकायला वीतभर जागा नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या, "वायरीला काही झालेलं नाही. वर्षभर मी तुमचे सूर मागून सरकवतेय. तुमची बोटं उशिरा पडतायत."