बायपासवरची ट्रायल

दिशानं अमृतच्या हातातली चावी हिसकावली आणि अंगावरच्या डांगरीच्या खिशात टाकली.

"गाडी माझी हाय," तो गुरकावला.

"ट्रायल होईपर्यंत मेकॅनिकची असते. या गॅरेजात पहिल्यापासून असंच आहे. बस डाव्या सीटवर."

घटस्फोट झालेल्या नवऱ्याचं तोंड पुन्हा बघायला लागू नये, एवढीच तिची इच्छा होती. पण लाज कोळून प्यायलेला माणूस! या जुन्या लाल गाडीनं त्याला संसारापेक्षा जास्त वेड लावलं होतं. पुण्यात जाऊन त्यानं इंजिनाची ताकद वाढवून घेतली आणि त्या जोरानं मूळच्या गिअरबॉक्सचे दात पाडले. त्याच्या संगमनेरात कुणी हात लावेना, तेव्हा तोंड वर करून तो केडगावला तिच्याच गॅरेजच्या दारात आला.

तिनं त्याला आल्या पावली हाकललं असतं. पण दर रविवारी ज्ञानेश्वरी, त्यांची लेक, बापाबरोबर याच गाडीतून हिंडायची. दिशा नाही म्हणाली असती तर त्यानं कुणाकडूनही नुसता दणकट गिअरबॉक्स बसवून घेतला असता, जुने एक्सल तसेच ठेवले असते, आणि तो वाढीव जोर त्यांना सोसला नसता. भर वेगात एक्सल तुटला तर पोरीचं काय झालं असतं, हा विचार तिला झोपू देत नव्हता. म्हणून तिनं अट घातली. गिअरबॉक्स, क्लच, दोन्ही एक्सल सगळं नवं, नाहीतर गाडी उचल. त्यावरून फोनवर दोघांनी एकमेकांचा यथेच्छ उद्धार केला होता.

तिनं पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. तो फिस्सकन हसला.

"अजून मानतेस का हे?"

"तुला मानत होते एकेकाळी. त्यापेक्षा लिंबू बरं."

लिंबं फुटली. गाडी बायपासला लागली. दुपारचा रस्ता मोकळा होता. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे गिअर सरळ पडत होते, कुठे कुरकुर नाही. अमृतचा चेहरा खुलला.

"लई भारी बसलाय! आता बघ, ज्ञानू कसली खूश होईल."

दिशाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं चौथा टाकला आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

गाडी उसळली. बाजूच्या बाभळी नुसत्या सरसर मागे जायला लागल्या. अमृत हसला, मग हसायचा थांबला. त्याचा हात खिडकीवरच्या दांडीला गेला, आणि तिथं ब्रेक असल्यासारखा त्यानं पाय पुढे रोवला.

"बास झालं."

तिनं पाचवा टाकला.

"दिशा, येडी झाली का? हळू! हळू घे ना!"

"ती पण हेच म्हणते."

"कोण?"

"तुझी लेक. दर रविवारी, तुझ्याकडून आल्यावर."

"तूच शिकवलं असशील! माझ्याविरुद्ध कान भरतेस पोरीचे!"

"झोपेत म्हणते रे. 'पप्पा, हळू.' झोपेतलं कोण शिकवतं?"

तिनं पाय काढला. इंजिनाचा आवाज उतरत गेला. अमृतनं दांडी सोडली नव्हती.

"मग मला का नाही सांगितलं तिनं?" त्यानं विचारलं.

"मीही तिला हेच विचारलं होतं. म्हणाली, सांगितलं तर पप्पा पुढच्या रविवारी येणार नाहीत."

तिनं गाडी वळवून परत आणली. गॅरेजसमोर उतरून तिनं चावी बॉनेटवर आपटली. एरवी जाता जाता चार शब्द सुनावल्याशिवाय तो जायचा नाही. आज त्यानं चावी घेतली आणि मुकाट्यानं गाडीत बसला.

राग काही गेला नव्हता तिचा. हाताची घडी घालून ती दारात उभी राहिली. लाल गाडी रस्त्याला लागली आणि अगदी कडेकडेनं निघाली. मागून दोन ट्रॉल्या भरून ऊस घेतलेला ट्रॅक्टर आला, त्यानं हॉर्न मारला, आणि तो गाडीला ओलांडून पुढे गेला.