भिमाबाईंच्या चुलीचा धूर

चुलीचा धूर मोजायचा तर चूल रोजच्यासारखी पेटली पाहिजे. एवढंच. पण महनूरच्या प्रयोगशाळेत कोणी भिमाबाईंना ओळखत नव्हतं.

महनूर बुलडाण्याची, नोकरी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत. तिथे कमी धुराची चूल बनली होती. ती भिमाबाईंच्या देऊळघाट गावाला हवी, तर जुन्या चुलींचा धूर किती, हे आधी कळायला हवं. नाहीतर चुली दुसऱ्या गावाला जाणार.

तिनं डब्याएवढं यंत्र भिमाबाईंच्या स्वयंपाकघरात ठेवलं. ते हवा ओढतं आणि धूर आतल्या पांढऱ्या कागदावर बसतो. दुपारी कागद काढला, तर दुधासारखा पांढरा!

"मावशी, चूल पेटवली नाही?"

"पेटवली ना, अंगणात. हे तुह्यं यंत्र पाहुणं म्हणून घरात बसलं अन् त्याच्या डोयात धूर घालू का मी?"

"पण धूर दिसला तरच गावाले चूल भेटन!"

"मंग आधी सांगाव ना, बाई!"

भिमाबाईंनी चुलीत कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या कोंबल्या. मांजर खिडकीतून पळालं. कागद तव्यासारखा काळा.

"पाय बाई, किती धूर देला!"

महनूर खोकत म्हणाली, "रोज एवढा राह्यते?"

"रोज एवढा असता तर मी जित्ती राह्यली असती का?"

आता एकच कागद उरला. महनूरनं शांतपणे समजावलं, "मावशी, ताप पाहायचा तर थर्मामीटर बर्फात ठेवत नाही अन् चहातही बुडवत नाही."

भिमाबाईंना पटलं. पण संध्याकाळी त्या यंत्रासमोर फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ बसल्या. भाकरी करपू लागली.

तेवढ्यात शेजारच्या खैरुन्निसा दारात उभ्या राहिल्या. "भिमाबाई, तुह्या बकरीनं माही मेथी खाल्ली!"

"माही बकरी मेथीले तोंड लावत नाही!"

"मंग काय मी खाल्ली?"

"तुह्यं तुले माहीत!"

भांडण रंगलं. भिमाबाईंनी एका हातानं भाकरी उलटली, दुसऱ्या हातानं फुंकणी रोखली. खैरुन्निसांनी आत येऊन बसल्याबसल्या लाकूड पुढे सारलं. यंत्राकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. महनूर कोपऱ्यात श्वास रोखून उभी.

कागद निघाला राखाडी, अगदी रोजच्या चुलीचा.

"खाला," महनूरनं खैरुन्निसांना हळूच विचारलं, "उद्या मले माणिकरावांच्या घरचा धूर मोजायचा हाय. तुम्ही येसान?"

"त्याच्या घरी बकरी नाही, म्हैस हाय."

"म्हैस चालन."

खैरुन्निसांनी क्षणभर विचार केला. "मंग म्हशीनं माह्या वालाच्या शेंगा खाल्ल्या म्हणीन मी."