जाणाऱ्याला टोकू नये

शहर म्हणजे काय, हे सरकारनं ठरवून दिलं आहे. वस्ती दाट हवी आणि बहुतेक पुरुषांचं पोट शेतीवर नको. बायकांचं पोट कशावर, ते त्यात धरलेलं नाही.

—

आवारातला नळ सकाळी आधी खोकतो, मग फुरफुरतो, मग पाणी देतो.

—

देऊळघाटच्या किसनरावांकडे शिवणाची मशीन आहे. पायानं चालणारी.

—

नकाशावर बुलढाण्याभोवती पेन्सिलीचा गोल. खोडलेला. पुन्हा काढलेला. कागद तिथं पातळ झाला आहे.

—

निघालेल्या माणसाला 'कुठं चालले' असं म्हणून टोकू नये. टोकलंच, तर त्यानं माघारी यावं, खाली बसावं, घोटभर पाणी प्यावं. मग निघावं.

—

आता गोष्ट.

हिंमतराव मूळचे जळगाव जामोदकडचे. बाप मोतीराम कापूस-ज्वारी करणारा. पोरगं शिकायला लागलं ते थांबेचना. महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा ते बुलढाण्याला कॉलेजात भूगोल शिकवत होते आणि नागपूरच्या सरांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होते. विषय असा, की खेडं कुठं संपतं आणि शहर कुठं सुरू होतं.

शेजारच्या गोजरबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या धुणं पिळता पिळता थांबल्या.

"ह्याच्यासाठी नागपूर कायले पाह्यजे? जकात नाक्यापाशी सुरू होते शहर. तिथं टोपली उघडून पाह्यतात."

हिंमतरावांना हसू आलं, पण ते मनात म्हणाले, नाही. शहर नाक्यावर सुरू होत नाही. दवाखान्याला, कचेरीला, लग्नाचं लुगडं घ्यायला जिथून जिथून माणसं येतात, तिथवर ते पसरलेलं असतं. ते पाहायचं तर माणसांच्या वाटेवर जाऊन उभं राहायला हवं. म्हणून सुट्टीच्या दिवशी आणि कॉलेज सुटल्यावर ते एसटी स्टँडवर एका बाकावर बसू लागले. प्रश्न तीन. कुठं? कशाला? परत कधी?

कुठं?

पहिल्याच दिवशी सुलतानपूरकडची गाडी लागली होती. वच्छलाबाई नावाची एक म्हातारी काखेत गाठोडं मारून पायरीवर पाय ठेवत होती.

"आजी, कुठं चाललात?"

म्हातारीनं पाय खाली घेतला. "टोकलं का रे बाबा? टोकलंच!"

"नाही, मी फक्त—"

"भाच्याले पोरगी पाह्याले चालली ना मी, सुलतानपूरले! आन् तू कुठी म्हनतं? कोन्या गावचा हायेस बे?"

"जळगाव जामोदकडचा."

"मंग तर माहीत पाह्यजे! पुन्याचा असता त सोडून देल्लं असतं."

आणि ती गाठोड्यावर बसली. पाणी मागितलं. तिच्या मागच्या दोघांनाही हिंमतरावांनी विचारून ठेवलंच होतं, तेही बसले. गाडी हलली. कंडक्टर भगवानराव दारातून वाकून ओरडले, "मास्तर, तुमचा अभ्यास होईन, पर माही गाडी रिकामी जाईन!"

हिंमतराव बाकावर बसून राहिले आणि त्यांच्या गालाला एक जुनी चपराक आठवली. आई मंजुळाबाईची. बाप गाडी जुंपून निघाला होता आणि पोरानं मागून विचारलं होतं, कुठं चालले बा? बापानं बैल सोडले होते, ओट्यावर बसून पाणी प्यायलं होतं, मग पुन्हा जुंपले होते. एवढं सगळं आपल्याला माहीत होतं. ते नेमकं कोणत्या परीक्षेच्या वेळी आपण विसरलो?

संध्याकाळी त्यांनी हे सत्यभामेला सांगितलं. सत्यभामा त्यांची बायको, देऊळघाटच्या किसनरावांची लेक. लग्नाला वर्ष होत आलं होतं.

"आन् लोकं खरंच बसले खाली?"

"बसले ना."

"गाडी सोडून?"

"गाडी सोडून."

सत्यभामा हसली. किती दिवसांनी हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. आणि हिंमतराव पेन्सिल घेऊन प्रश्न सुधारायला बसले. तिचं हसू तिथं जरा वेळ उभं राहिलं, कुणी बसायला सांगतंय का पाहिलं, आणि चुलीकडे निघून गेलं.

कशाला?

'कुठं'च्या जागी त्यांनी 'लय लांब का?' घातलं. मग काम सोपं झालं. लोक आपण होऊन सांगू लागले. लांब कुठचं, इथं देऊळघाटले. लांब म्हंजे जळगाव जामोदपावतर, दोन गाड्या बदला लागतात. कुणाचा दात, कुणाचा दावा, कुणाची बहीण. नकाशावरचा गोल एका अंगाला फुगायचा, दुसऱ्या अंगाला आत जायचा. हिंमतराव खुशीत असायचे.

खोली त्यांनी नळ बघूनच घेतली होती. देऊळघाटला सत्यभामा आडावर जायची, दोन हंडे एकावर एक. इथं दाराबाहेर चार पावलांवर तोटी. प्रबंधात त्यांनी नळाला 'नागरी सोय' म्हटलं होतं. ते लिहिताना त्यांच्या मनात बायकोचे खांदेच होते. खोटं कशाला बोला.

पण आडावर जायला वेळ लागायचा, त्या वेळात सगळं गाव बोलून व्हायचं. नळापाशी हंडा भरतो आणि दार पुन्हा लागतं. गोजरबाईंना चार लेकरं. त्यांना उभं राहायला सवड नाही. हिंमतराव सकाळी निघाले की संध्याकाळी ते परत येईपर्यंत सत्यभामेचा आवाज वापरलाच जायचा नाही. हे हिंमतरावांना दिसत नव्हतं असं नाही. बघायला वेळ काढू, असं त्यांनी ठरवलं होतं. प्रबंध झाला की.

मग नागपूरच्या सरांचा निरोप आला. लवकर संपवा, इथं विभागात एक जागा निघते आहे.

"आपण नागपूरला जाऊ," ते घरी येऊन म्हणाले.

सत्यभामा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "तिथं नळ घरातच असंन."

"हो ना!" हिंमतराव आनंदानं म्हणाले. "अगदी घरात."

त्यानंतर ती देऊळघाटला जाऊ लागली. आधी बाजाराच्या दिवशी, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मग मुक्कामाला. कोण कशासाठी कुठं जातं, हे जिल्हाभर विचारणाऱ्या माणसानं हे मात्र विचारलं नाही.

आणि एका सकाळी खाटेखालची ट्रंक बाहेर आली.

लोखंडी, हिरव्या रंगाची, लग्नातली. आजवर ती कापडी पिशवी घेऊन गेली होती. हिंमतराव दाढी करत होते. आरशात त्यांना ट्रंक दिसली, तिची कडी लावणारे हात दिसले.

"येते मी देऊळघाटले," सत्यभामा म्हणाली. जाते म्हणत नाहीतच आपल्यात.

प्रश्न त्यांच्या ओठापर्यंत आला. पण निघालेल्या माणसाला टोकू नये. इतकी चांगली रीत आपल्या लोकांत आहे, याचं त्यांना त्या क्षणी फार बरं वाटलं.

"बरं," ते म्हणाले. आणि तिच्या आधीच बाहेर पडले.

परत कधी?

स्टँडवर ते नेहमीच्या बाकावर बसले. देऊळघाटची गाडी लागली. बाकाच्या पुढूनच गाडीकडे जायची वाट होती, आणि आता लोकांना सवयच झाली होती. ते स्वतःहून थांबत, सांगत, पुढे जात.

सत्यभामाही थांबली. ट्रंक कमरेवर, दुसऱ्या हातानं पदर सावरलेला. बाकीच्या बायांसारखीच ती समोर उभी राहिली आणि वाट पाहू लागली.

हिंमतरावांनी मान वर केली, बघितलं, आणि खाली घातली. मागच्या माणसाला म्हणाले, "या, तुम्ही या."

ती एवढंसं थांबली. मग चालू लागली.

ती पाठमोरी जाताना त्यांना दिसलं, की ट्रंकेच्या ओझ्यानं ती एका अंगाला झुकली आहे. नकाशातला गोल झुकावा तशी. गाडीच्या दाराशी तिनं ट्रंक आत सरकवली. पाय पायरीवर ठेवला.

"सत्यभामे!" हिंमतराव उठून ओरडले. "कुठं चालली?"

सगळं स्टँड वळून बघू लागलं. एक तर चारचौघांत बायकोचं नाव, त्यात वर हे.

भगवानराव कंडक्टरांनी कपाळाला हात लावला. "घ्या! मास्तरनं घरच्याच मानसाले टोकलं!"

आतून कुणी म्हातारा म्हणाला, "उतर व माय. असं जाऊ नाई."

सत्यभामा उतरली. ट्रंक उतरवून घेतली. घंटी वाजली, गाडी गेली, धूळ खाली बसली. ती ट्रंकेवर बसली.

"मुद्दाम केलं ना?"

"हाव," हिंमतराव म्हणाले. बुलढाण्याला आल्यापासून त्यांच्या तोंडून 'हो'च निघायचं.

"पानी."

कँटीनमधून ते पेला भरून घेऊन आले. तिनं सावकाश, घोट घोट, अर्धा पेला पाणी प्यायलं.

"आता पुसा."

"काय?"

"बाकीचे दोन. लोकायले तीन पुसता ना."

हिंमतरावांच्या हातात पेन्सिल होती. त्यांनी ती खिशात ठेवली. "कशाला चालली?"

"बोलाले."

"कोणाशी?"

"हा चौथा झाला." तिनं पेल्यात पाहिलं. "कोनाशीबी. आडावर कोनीबी असते."

"आणि परत कधी?"

"ते तुमी सांगा. नागपूरचं ठरवलं, तवा मले पुसलं होतं?"

"नाही."

"अख्खा जिल्हा पुसून झाला तुमचा. मीच राह्यली."

कॉलेजची दोन पोरं सायकली हातात धरून जात होती. ती बघत असताना हिंमतराव पॅन्टची पर्वा न करता खाली बसले, फरशीवर, ट्रंकेला टेकून. वच्छलाबाईच्या मागचे दोघं बसले होते तसे.

"नागपूरला जावं का आपण?" त्यांनी विचारलं.

सत्यभामेनं लगेच उत्तर दिलं नाही. तिला कुणी काही विचारलं आणि मग थांबलं, असं बरेच दिवसांत झालं नव्हतं. ती ते थांबणं जरा पुरवून घेत होती.

"इचार करून सांगीन," ती म्हणाली. "देऊळघाटहून."

"मग मीही येतो."

"कुठी?"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. मग तिचे खांदे हलू लागले, पदर तोंडाला गेला, आणि हसता हसता तिनं पेल्यातलं उरलेलं पाणी त्यांच्यापुढे केलं.

"घ्या. प्या आता तुमी बी. टोकलं मी."

ते प्यायले. त्या दिवशी बाकावर दुसरं कुणी बसलं नाही म्हणून तो रिकामाच राहिला. लोक येऊन थांबायचे, 'लय लांब नाई, इथं धाड गावाले' असं बाकालाच सांगून पुढे जायचे.

संध्याकाळच्या गाडीवर भगवानरावच होते. त्यांनी एकदा ट्रंकेकडे पाहिलं, एकदा दोघांकडे. विचारायचं टाळून ते म्हणाले, "दोन देऊळघाट."

"दोन," हिंमतराव म्हणाले, आणि सत्यभामेला खिडकीकडे सरकू दिलं.

सकाळी ट्रंकेत भरलेल्या कपड्यांत वरचे दोन सदरे हिंमतरावांचे होते. त्यांच्या कॉलरी उसवल्या होत्या आणि मशीन देऊळघाटला होती.