ओपानिन ट्वुमासी कोऱ्या पानातून येत नाहीत

तक्रार: फाइलवर दोनदा टिचकी मारली की प्रोग्रॅम उघडतो. म्हातारा उघडत नाही.

प्रोग्रॅम मी लिहिलेला, अंत्यविधीची पोस्टरं जुळवण्याचा.

तक्रारदार: मामे अफ्रियिए, मयत ओपानिन ट्वुमासींची धाकटी बहीण. काखेत लॅपटॉप, मागे अकरा नातेवाईक, सगळे सुतकाच्या काळ्या-तांबड्यात. शनिवारची पोस्टरं छापखाना आज दुपारी बारापर्यंतच घेणार.

"पोस्टर नाही लागलं तर बेवारस गेला म्हणतील गं लोक!"

पाहणी: टिचकी मारली. कोरं पान.

"रुसलाय," मामे म्हणाली. "जिवंतपणी तरी कुठे हाकेला यायचा?"

मी आधी प्रोग्रॅम चालू केला, मग आतून फाइल उघडली. उघडली. कुणी बघेचना.

"ओढून आणलेला नको आम्हाला," घराण्याचे वडील, म्हणजे प्रमुख, म्हणाले. "स्वतःच्या दारातून येऊ दे."

कारण: लाजिरवाणं. आमच्या कुमासी शहरात पाहुण्याला बसवतात, पाणी देतात, मगच विचारतात, काय काम काढलंत. प्रोग्रॅमही मी तसाच लिहिला: आधी खिडकी मांडायची, स्वागत करायचं, शेवटी कान उघडायचे. पण टिचकी मारताच संगणक फाइलचं नाव दारातच सांगून मोकळा होतो. तेव्हा ऐकायला कोणी नसतं.

उपाय एक: कान सगळ्यात आधी उघडायचे.

वडील उठलेच. "पाण्याआधी काम विचारणार? हेच शिकवलं तुझ्या आईनं?"

अकरा वाजून वीस मिनिटं.

उपाय दोन: नातेवाइकांतल्या नाना दान्सोंचा. नाना म्हणजे राजांचे ओच्यामे. दरबारात राजे कुणाचं थेट ऐकत नाहीत; नाना ऐकून घेतात आणि वेळ आली की सांगतात.

"पोरी, दारात माझ्यासारखा एक ठेव की. सगळं ऐकेल, चकार शब्द काढणार नाही. मालक बसले की सांगेल."

कोडच्या सहा ओळी झाल्या. त्यांना मी नानांचं नाव दिलं.

"मान्य," वडील म्हणाले.

चाचणी: मामेने टिचकी मारली. क्षणभर काही दिसेना, म्हणून तिने पुन्हा मारली. मग प्रत्येक नातेवाइकाने मारली. दारातल्या ओच्यामेने एकही निरोप गाळला नाही. खिडकी मांडून झाली आणि ओपानिन ट्वुमासी आले. तेरा वेळा.

मामे ढसाढसा रडली. मी बारा पानं मिटायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"कुणाला हाकलतेस गं?"

तेराही पोस्टरं बाराला चार मिनिटं कमी असताना छापखान्यात पोचली. शनिवारी शेजारच्या मयताचं एकही पोस्टर लावायला भिंत उरली नव्हती.