ऑपरेशनच्या आदल्या दुपारी

डॉक्टरांनी निळ्या पेनाने बाईंच्या गळ्यावर आडवी रेघ ओढली आणि दोन पावलं मागे सरकून ती सरळ आली का ते पाहिलं.

"जरा खाली घेता येणार नाही का?" बाई म्हणाल्या. "तिथे माझा हार बसतो."

आवाज फाटल्यासारखा निघाला. डॉक्टर हसले, पण ओठांपुरतेच. उद्या सकाळी आठ वाजता त्या रेघेवरून आत शिरून ते बाईंचं स्वरयंत्र काढणार होते. गाठ तिथेच होती. जीव वाचेल, हे त्यांनी आपणहून सांगितलं होतं. आवाजाचं मात्र बाईंनाच विचारावं लागलं.

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. लिहून दाखवायची सवय करा."

दोन वाजता दिग्दर्शक आले. हातात रेकॉर्डर होता. खुर्ची ओढून ते पलंगाशी बसले. म्हणाले, "बाई, तिसऱ्या अंकातलं ते बोलणं. एकदाच. आमच्यासाठी."

मेलेल्या मुलाचं प्रेत मागायला कचेरीत आलेली धोबीण, तिचं ते बोलणं. अकराशे प्रयोग झाले होते. बाईंना कधी माइक लागला नाही. शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा खिशातला रुमाल काढायचा. बाईंनी डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि दोन वाक्यं म्हटली. तिसऱ्यावर त्या थांबल्या.

"बंद करा ते. पन्नास वर्षांनी कुणीतरी ऐकेल आणि म्हणेल, हिला नटी कुणी केली?"

"बाई, असं काय..."

"जुन्या फिती आहेत, त्या ऐका. हा उरलासुरला आवाज मला दुसरीकडे लागणार आहे."

दिग्दर्शक उठले. दाराशी जाऊन वळले आणि नमस्कार करून निघून गेले.

खोलीत टाचणी तेवढी राहिली. बाईंची वेशभूषा सांभाळणारी. तीस वर्षं तोंडात टाचण्या धरून साड्या चोपून नेसवल्या, म्हणून सगळी मंडळी तिला टाचणीच म्हणायची. तिने औषधाची बाटली पुसली, ठेवली, पुन्हा पुसली.

"दुसरीकडे म्हणजे ठकीकडे ना?" तिने विचारलं.

बाईंनी मान डोलावली.

ठकी म्हणजे बाईंची एकुलती एक लेक. दुसऱ्या गावी बालवर्गाला शिकवायची. तिला लहानाची मोठी केली ती तिच्या वडिलांनी. ते नगरपालिकेत नकाशे काढायचे, वेळेवर घरी यायचे, वेणीसुद्धा तेच घालायचे. बाई दौऱ्यावर. घरी आल्या की पाहुण्यासारखं त्यांचं कौतुक व्हायचं, आणि पाहुण्यासारख्याच त्या निघायच्या. सहा वर्षांपूर्वी ठकीच्या वडिलांना छातीत कळ आल्याचा निरोप आला, तेव्हा बाई परगावच्या प्रयोगात होत्या. दुसरा अंक संपला होता. गाडी तयार होती. बाईंनी तिसरा अंक केला. त्या पोचल्या तेव्हा सगळं आटोपून माणसं पांगली होती. दोन दिवसांनी पेपरात त्या प्रयोगाची तारीफ छापून आली. ठकीने ते कात्रण पाकिटात घालून आईला पाठवलं. सोबत एक अक्षर नाही. त्यानंतर बोलणं बंद.

बाईंनी तिच्यासाठी उत्तर तयार केलं होतं. सहा वर्षं घासूनपुसून. हाउसफुल्ल थिएटर, मंडळीतली वीस माणसं, कळ इतकी मोठी आहे हे कुणाला ठाऊक होतं... सगळं पाठ होतं. कुठे थांबायचं, तेसुद्धा.

"चारला शाळा सुटते," टाचणी म्हणाली आणि चार वाजून दहा मिनिटांनी तिने नंबर लावून फोन बाईंच्या हातात दिला.

"हॅलो?"

"ठके."

"कोण?"

"मी. आई."

"आवाजाला काय झालं?"

"बसलाय जरा."

"हं. तुझं नेहमीचंच. प्रयोगावर प्रयोग." फोन आता आपटणार असं बाईंना वाटलं. पण ठकीच्या श्वासाची लय बिघडली. "त्या दिवशी का नाही आलीस गं? बाबा दाराकडे बघत होते. मी त्यांना सांगत होते, येईल, निघालीय. तू मला खोटं पाडलंस."

बाईंनी तोंड उघडलं. पहिलं वाक्य जिभेवर होतं. टाचणीने तोंडाला पदर लावला.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

पाठ केलेलं उत्तर त्यांनी तिथेच सोडून दिलं.

ठकी रडली. मग नाक ओढत बोलायला लागली आणि बांध फुटावा तशी बोलतच राहिली. बाबांचा चष्मा अजून तिच्या कपाटात आहे. नवऱ्याची बदली झाली, तिकडचं घर ओलं आहे. वर्गात एक पोरगी तीन महिने तोंड उघडत नव्हती, परवा एकदम म्हणाली, बाई, तुमच्या नाकावर खडू आहे. लहानपणी आईचा वास यावा म्हणून ती पावडरचा डबा उशाखाली घेऊन झोपायची. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. बाई फोन दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मधूनमधून "हं" म्हणत होत्या. कधी "मग?" कधी नुसतंच "अगंबाई."

पाऊण तास गेला.

"बघ, मीच बोलत बसले," ठकी म्हणाली. तिचा स्वर निवळला होता. "तुझं काही ऐकलंच नाही. रविवारी मी करते फोन. तोवर गरम पाण्याच्या गुळण्या कर. रविवारी तू बोल, मी ऐकते. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावरही त्यांचा हात बराच वेळ त्यावर होता.

"सांगितलं नाहीत," टाचणी म्हणाली.

"उशिराने ती बोलायला लागली. मध्ये कशाला तोडू?"

"आणि रविवारी काय करू मी? फोन आल्यावर तिला काय सांगू?"

बाहेरच्या व्हरांड्यातून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं.

"फोन माझ्या कानाला लाव," बाई म्हणाल्या, "आणि आधी तिला म्हण, तूच बोल, आई ऐकतेय."