आपल्याच गल्लीत मुका होणारा भोंगा

अरे थांब थांब, क्लासला नंतर जा, आधी हे ऐक! मी भोंगा बोलतोय, गफूरभाईच्या रिक्षावरचा. आज सकाळी जे झालं ना, माझा पत्रा अजून थरथरतोय!

मी भूकंपाच्या वर्षाचा. औशाकडच्या तंबूंत माझ्यातून हरवलेल्या माणसांची नावं पुकारायचे. पुढं लातूरभर क्लास निघाले अन् मी 'प्रवेश सुरू, प्रवेश सुरू' करत गल्लोगल्ली सुटलो. साड्यांचा सेल ओरडलो, इलेक्शन ओरडलो. पण आज निघाला तसा आवाज माझ्यातून कधी निघाला नव्हता!

गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टर वर्षाराणींनी गल्लोगल्ली वाजवायला रेकॉर्डिंग दिलं. "बायांनो, स्तनात गाठ लागली तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका. लगेच दाखवा. कॅन्सर लवकर कळला तर बरा होऊ शकतो."

गफूरभाई लई लाजाळू. चहाच्या टपरीवर माणसं दिसली की माझा आवाज कमी. अन् स्वतःच्या गल्लीत शिरताना तर बटण बंदच! म्हणे, "इथं सगळ्या भाब्या, खाला ऐकतात." अरे, त्यांच्यासाठीच तर होतं ना ते!

आज बटण बंद झालं, अन् त्याची बायको, शकिलाभाबी, रिक्षासमोर आडवी.

"ओ नबीलचे अब्बा, चालू करा ते."

"येडी झाली का? लोक बघून राहिले."

"बघू द्या. गोलाईच्या बाजारात भाजी घेताना ऐकलं मी. म्हटलं, आपल्या दारात वाजलं की तुम्हाला सांगेन. तुम्ही वाजवतच न्हाई! मला गाठ हाय."

भाबीनं स्वतःच बटण चालू केलं अन् माईक उचलला. हातात कागद नाही, काही नाही. "बायांनो, मला गाठ लागलीय. दुखत न्हाई, तरी दवाखान्यात निघाले. कुणाला दाखवायचं असंल तर बसा रिक्षात!"

मग समोरच्या गुरम्मामावशी पदर खोचत आल्या. "सरक गं. मलाबी हाय. कुणाला सांगू, कळंना."

एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नाही, अन् तो माझ्याच तोंडातून!

दोघी दवाखान्यात तपासून घ्यायला आत गेल्यात. काय निघतंय, देव जाणे. गफूरभाई बाहेर घिरट्या घालत होता, तर भाबीच दारातून म्हणाली, "इथं बसून काय करता? जावा, वाजवत जावा. अन् टपरीवर आवाज कमी करू नका."

तीच ही टपरी. सगळी माणसं बसलीत. "या गफूरभाई, चहा घ्या!" चाललंय. त्याचं बोट बटणावर आहे, अन् डॉक्टरीणबाईंचा आवाज माझ्या गळ्याशी येऊन थांबलाय.

खरं सांग, त्याच्या जागी तू असतास, तर बटण कुठल्या बाजूला फिरवलं असतंस?